तंबोला, फासे आणि पंधराशे ठिपके: क्वांटमची भिंत कशी रंगवावी

क्वांटम फिजिक्सवर भिंत रंगवायची म्हटली की ठरावीक चित्रं पुढे येतात. मध्ये गोळा आणि भोवती लंबवर्तुळात फिरणारे इलेक्ट्रॉन, अर्धी जिवंत अर्धी मेलेली मांजर, नाहीतर जांभळ्या धुरातून बघणारा एक भला मोठा डोळा. पहिलं चित्र भौतिकशास्त्राने 1920च्या दशकातच मागे टाकलं. डोळ्याबद्दल पुढे बोलूच. या चित्रांत विज्ञान फक्त विषय म्हणून येतं, चित्र घडण्याच्या पद्धतीत ते कुठेच नसतं.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात भिंतींवर भौतिकशास्त्राची सूत्रं रंगवली आहेत. बूरहावे संग्रहालयाच्या भिंतीवर 2015पासून आइनस्टाइनचं गुरुत्वाकर्षणाचं क्षेत्र-समीकरण आहे, आणि दुसऱ्या एका भिंतीवर इलेक्ट्रॉनच्या स्पिनचं, म्हणजे त्याच्या अंगभूत फिरकीसारख्या गुणधर्माचं, चित्र आहे, कारण 1925 साली ऊलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी ती कल्पना त्याच गावात मांडली. फार देखणं काम आहे ते. पण सूत्र वाचता येणाऱ्यालाच ती भिंत बोलते. माझा आग्रह असा, की क्वांटमचा नियम चित्रात दिसण्याआधी चित्र काढण्याच्या रीतीत आला पाहिजे. ठिपका कुठे द्यायचा हे चित्रकाराने ठरवायचंच नाही, नियमाने ठरवायचं. यासाठी दोन फटींच्या प्रयोगाइतका चांगला विषय दुसरा नाही. त्यात प्रकाश किंवा इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींमधून पडद्यावर सोडतात, आणि दोन्ही वाटांच्या लहरी एकमेकींत मिसळून पडद्यावर ठळक आणि काळे पट्टे उमटतात. यालाच व्यतिकरण म्हणतात.

हा प्रयोग मुळातच ठिपक्यांचा आहे. 1909मध्ये केंब्रिजला जी. आय. टेलर यांनी इतका मंद प्रकाश वापरला की फोटोच्या काचेवर चित्र उमटायला काही महिने लागले, तरी व्यतिकरणाचे पट्टे आलेच. 1961मध्ये योन्सन यांनी इलेक्ट्रॉन वापरून खऱ्या फटींमधून पट्टे मिळवले. 1974मध्ये बोलोन्याच्या मेर्ली, मिसिरोली आणि पोत्सी यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडला, आणि 1989मध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी तेच इतकं स्वच्छ टिपलं की ती छायाचित्रं आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात. (तोनोमुरांच्या यंत्रात फटी नव्हत्याच. एका अतिशय बारीक विद्युतभारित तारेच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने इलेक्ट्रॉन जायचे.) पहिले काही ठिपके कुठेही पडल्यासारखे दिसतात. काही हजार झाले की पट्टे उभे राहतात. एका वेळी यंत्रात एकच इलेक्ट्रॉन असतो, त्याला आधीच्या ठिपक्यांची काही खबर नसते, तरीही.

आता हे भिंतीवर आणायचं. पट्ट्याच्या मध्यापासून जसजसं बाजूला जावं तशी ठिपका पडण्याची शक्यता कोसाइनच्या वर्गाप्रमाणे घटते. एका पट्ट्याची रुंदी 30 सेंमी, म्हणजे 180 अंश, धरा आणि तिचे 5 सेंमीचे सहा रकाने करा. रकान्यांचे मध्य पट्ट्याच्या मध्यापासून 15, 45 आणि 75 अंशांवर येतात. त्यांच्या कोसाइनचे वर्ग 0.933, 0.5 आणि 0.067. पूर्णांकांत हे प्रमाण 28 : 15 : 2 बसतं. म्हणजे सहा रकान्यांना डावीकडून 2, 15, 28, 28, 15, 2. बेरीज करा: बरोबर 90. आणि घराघरांत असलेल्या तंबोल्याच्या पिशवीत 1 ते 90 आकडेच असतात! वेगळं काही छापायला नको. 1–2 आला तर पहिला रकाना, 3–17 दुसरा, 18–45 तिसरा, 46–73 चौथा, 74–88 पाचवा, 89–90 सहावा.

असा पट्टा एक नाही, अकरा हवेत. मधला सर्वांत ठळक आणि कडेचे फिके होत जाणारे. त्यासाठी दोन फासे टाका. बेरीज 2 ते 12 येते, म्हणजे अकरा शक्यता, आणि छत्तीसपैकी 1, 2, 3, 4, 5, 6, 5, 4, 3, 2, 1 अशा वजनाने. सातची बेरीज म्हणजे मधला पट्टा. खऱ्या प्रयोगातली ठळकपणाची घसरण अशी सरळ रेषेत होत नाही, ती फटीच्या रुंदीवर ठरते आणि गोलाईने उतरते. पण फासे कोणालाही टाकता येतात, आणि मध्याजवळ हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. उंचीसाठी तंबोल्याचा आकडा पुन्हा एकदा काढा. आलेला आकडा गुणिले 2 सेंमी, म्हणजे 180 सेंमीची उंची भरते. चित्राचा आकार झाला 3.3 मीटर बाय 1.8 मीटर. खालची कड जमिनीपासून 40 सेंमीवर घ्या. वरच्या ठिपक्यांसाठी लहान मुलांना स्टूल लागेल, तेवढी सोय ठेवा.

ठिपका दीड सेंमी व्यासाचा. त्याहून लहान घेतला तर रस्त्यापलीकडून दिसत नाही, मोठा घेतला तर मधला पट्टा लवकर भरून जातो. 1500 ठिपक्यांना मधल्या पट्ट्याच्या ठळक रकान्यात सरासरी 78 ठिपके येतात, काळ्या, म्हणजे पट्ट्याच्या कडेच्या जवळजवळ रिकाम्या, रकान्यात साडेपाच. 300 ठिपक्यांना हेच आकडे साडेपंधरा आणि एक. म्हणजे शंभराच्या आत कोणाला काही दिसणार नाही, दोन-तीनशेच्या दरम्यान कुजबुज सुरू होईल, हजारानंतर सांगायची गरज उरणार नाही. पाच हजारांच्या पुढे मात्र जाऊ नका. मधल्या रकान्यांचा साधारण चाळीस टक्के भाग तोवर झाकला गेलेला असतो, नवे ठिपके जुन्यांवर पडू लागतात आणि मधल्या व कडेच्या पट्ट्यांतला फरक बुजतो.

भिंतीवर रकान्यांच्या रेघा मारायचा मोह होईल. मारू नका. रेघा असल्या की डोळा ठिपक्यांआधी रेघाच वाचतो. त्याऐवजी चित्राच्या वर एक लाकडी पट्टी पाण्याच्या लेव्हलने आडवी ठोका आणि तिच्यावर दर 5 सेंमीला एक असे 66 खिळे मारा, पहिला खिळा डाव्या कडेपासून अडीच सेंमीवर. प्रत्येक सहा खिळ्यांचा गट वेगळ्या रंगाने रंगवा आणि वर 2 ते 12 आकडे टाका. आता 1 ते 90 खुणा केलेली, खाली वजन बांधलेली एक हलकी पट्टी हव्या त्या खिळ्यावर टांगायची. ती ओळंब्यासारखी सरळ लोंबते. आकड्यासमोर खडूची खूण करायची, पट्टी काढायची, खुणेवर ठसा मारायचा.

इथे एक घोळ हमखास होतो. सगळे ठिपके खिळ्याच्या बरोबर खाली दिले तर भिंतीवर कंगव्याच्या दात्यांसारख्या 66 उभ्या ओळी तयार होतात, आणि बघणाऱ्याला वाटतं हेच पट्टे. म्हणून तिसरा फासा टाका: 1–2 आले तर खुणेच्या दीड सेंमी डावीकडे, 3–4 आले तर मध्ये, 5–6 आले तर दीड सेंमी उजवीकडे. ठिपका रकान्याबाहेर जात नाही आणि ओळी मोडतात.

ठशासाठी दीड सेंमी जाडीचा लाकडी दांडा घ्या आणि टोकाला फोमची चकती चिकटवा. नुसतं लाकूड वापरलं तर रंग कडेला सरकतो आणि ठिपक्याऐवजी कडं उमटतं. रंग बशीत ओतून ठेवू नका. ओल्या स्पंजवर पसरा आणि स्टॅम्प पॅडसारखा वापरा. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग दहा टक्के पाणी घालून चालतो. जास्त पातळ केला तर ओघळ येतो, आणि काळ्या रकान्यातला एक ओघळ सगळं विज्ञान पुसून टाकतो. पहिले 50 ठिपके लाल, पुढचे 450 पिवळे, बाकीचे पांढरे असे द्या. चित्र पूर्ण झाल्यावरही नुसते लाल ठिपके शोधणाऱ्याला कळेल की सुरुवातीला इथे काहीच दिसत नव्हतं. चित्राचा इतिहास चित्रातच राहतो.

माणसं किती लागतात? एक पिशवी आणि फास्यांपाशी, एक पट्टीपाशी, एक वही घेऊन. ठिपक्याला एक मिनिट धरलं तरी 1500 ठिपक्यांना 25 तास होतात, तेव्हा तीन पिशव्या आणि तीन पट्ट्या समांतर चालवा. वही फार महत्त्वाची. प्रत्येक ठिपक्याची फास्यांची बेरीज आणि रकान्याचा आकडा त्यात लिहा. तीनशे ठिपके झाले की मोजा: 18 ते 73मधले आकडे साधारण 187 वेळा आलेले असायला हवेत. 170 ते 204 असतील तर निश्चिंत राहा. 230 असतील तर कोणीतरी पिशवीत डोकावतंय, किंवा आकडे नीट कालवले जात नाहीत.

आणखी दोन गोष्टींनी चित्र बिघडतं. एक, काढलेला आकडा पिशवीत परत न टाकणं. तंबोला खेळायच्या सवयीने हात तो बाजूलाच ठेवतो. मग पिशवी संपेपर्यंत तो आकडा पुन्हा येऊ शकत नाही, रकान्यांची वाटणी जास्तच नेमकी होते, आणि भिंत संशय येण्याइतकी नीटस दिसते. खऱ्या इलेक्ट्रॉनच्या ठिपक्यांत गुठळ्या असतात, रिकाम्या जागा असतात, कारण प्रत्येक जण नव्याने पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे माणसांचा चांगुलपणा. "इथे मोकळं दिसतंय, इथे देतो" असं म्हणणारा प्रत्येक माणूस काळ्या पट्ट्यात ठिपका देतो. रिकामी जागा भरायची ओढ सगळ्यांना असते. त्याला प्रेमाने पिशवीकडे वळवा, हाच या भिंतीचा एकमेव कडक नियम.

काळ्या रकान्यातही अधूनमधून ठिपके पडतील. घाबरू नका. शक्यता शून्य असते ती एका रेषेवर, पाच सेंमीच्या रकान्यात नाही. नव्वदात दोन हा हिशोब त्या रुंदीचाच आहे.

आता या शेजारी, 40 सेंमी जागा सोडून, दुसरं चित्र तेवढ्याच आकाराचं. दोन्ही मिळून सात मीटर भिंत लागते. या दुसऱ्या चित्रात एकच बदल करायचा: रकाना तंबोल्याने न ठरवता एका फाशाने ठरवायचा, 1 ते 6, सगळ्यांना समान संधी. पट्टा निवडणारे दोन फासे तेच, उंची तशीच, ठिपके तेवढेच. इथे पट्टे उठणार नाहीत. मध्ये दाट आणि कडेला विरळ असा एकसलग ढग दिसेल. इलेक्ट्रॉन कुठल्या फटीतून गेला याची नोंद कुठेतरी राहिली, तर प्रयोगशाळेत हेच होतं.

डावीकडच्या चित्रात रकान्यांचं वजन 2, 15, 28, 28, 15, 2. उजवीकडच्या चित्रात सगळीकडे 15. बेरीज दोन्हीकडे 90. या तीन वाक्यांत सगळा विषय आहे. पहिल्या भिंतीवर दोन्ही वाटांच्या लहरी आधी एकमेकींत मिळवायच्या आणि मग वर्ग करायचा. लहर उणेही असू शकते, म्हणून एका जागी एक अधिक एक, त्याचा वर्ग चार, आणि दुसऱ्या जागी एक वजा एक, वर्ग शून्य. दुसऱ्या भिंतीवर प्रत्येक लहरीचा आधी वर्ग आणि मग बेरीज: सगळीकडे दोन. चार आणि शून्याची सरासरी दोनच येते. काळ्या पट्ट्यातले ठिपके नष्ट झालेले नाहीत, ते शेजारच्या पट्ट्यात गेले आहेत. भिंतीवर काही मजकूर लिहायचाच असेल तर डावीकडे "आधी बेरीज, मग वर्ग" आणि उजवीकडे "आधी वर्ग, मग बेरीज" एवढंच लिहा. सातवीतला मुलगाही थांबेल.

त्या मोठ्या डोळ्याबद्दल आता सांगतो. पट्टे जातात ते कोणी बघतं म्हणून नाही. वाटेची खूण कुठल्याही वस्तूत उमटली, एखाद्या हवेच्या रेणूला धक्का बसला, तरी पट्टे जातात, मग ती खूण कोणी वाचो न वाचो. भिंतीवर डोळा काढला की बघणारा "मनाने जग घडतं" असा अर्थ घेऊन पुढे जातो, आणि तो काढून टाकायला मग दहा भिंती लागतात. त्यापेक्षा उजव्या चित्राखाली नोंदीची एक उघडी वही रंगवा.

एक प्रामाणिक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तंबोल्याचा आकडा आपल्याला माहीत नसतो म्हणून तो यादृच्छिक वाटतो. पिशवीत नीट पाहता आलं तर तो आधी सांगता येईल. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तशी पिशवीच नाही. ही भिंत ठिपक्यांची वाटणी दाखवते, तिचं कारण दाखवत नाही. ज्यांना हे खुपतं त्यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीची क्वांटम आकड्यांची ऑनलाइन सेवा वापरावी. तिथले आकडे प्रकाशाच्या निर्वात-स्पंदनांतून काढलेले असतात. फक्त ते 0 ते 255 असे आले तर नव्वदने भागून बाकी घेण्याआधी 180 आणि त्यापुढचे आकडे टाकून द्या. नाही टाकले तर 0 ते 75 या बाक्या तीन-तीनदा आणि 76 ते 89 दोन-दोनदा येतात, आणि प्रत्येक पट्टा डावीकडे कलतो. शून्य बाकीला 90 समजा.

भिंतीची तयारी कंटाळवाणी आहे, पण चित्र टिकतं ते तिच्यावर. परवानगी लेखी घ्या. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा 1995चा कायदा आहे आणि तोंडी "हो, करा" त्यात उपयोगी पडत नाही. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत मिळाली तर उत्तम. गडद रंग पश्चिमेच्या उन्हात तापतो आणि लवकर भुकटी सोडतो. जुना चुना किंवा डिस्टेंपर खरवडून काढा, शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून धुवा. नवा गिलावा असेल तर 28 दिवस थांबा, नाहीतर लोणा फुटतो आणि तुमच्या ठिपक्यांत त्याचे पांढरे ठिपके मिसळतात. ओल तपासायला अर्ध्या मीटरचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून पाण्याचे थेंब दिसले तर अजून थांबा. पुट्टी व्हाइट सिमेंटचीच वापरा, घरातली अ‍ॅक्रिलिक पुट्टी पावसात फुगते. मग प्रायमर, आणि गडद निळ्याचे दोन हात. दोन्ही चित्रांच्या बारा चौरस मीटरला अडीच-तीन लिटर पुरतो. ठिपक्यांना मात्र पाव लिटरही जास्त होतो. हे सगळं पावसाळा सोडून. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन यासाठी सोयीचा आहे: हवा कोरडी असते आणि शाळा चालू असतात.

अध्यारोपण, म्हणजे एकाच वेळी अनेक अवस्था एकमेकींत मिसळलेल्या असणं, दाखवायला बरेच जण उभ्या पात्यांची भिंत करतात: डावीकडून एक चित्र, उजवीकडून दुसरं, समोरून तिसरं. पात्यांमधलं अंतर आणि पात्यांची खोली सारखी ठेवली, समजा 10-10 सेंमी, तर 45 अंशांपासून मागचं चित्र पूर्ण झाकलं जातं. ज्युलियन फॉस-आंद्रेए या शिल्पकाराने 2006मध्ये अमेरिकेतल्या मोझेस लेक इथे शंभराहून जास्त समांतर पोलादी पत्र्यांचा एक माणूस उभा केला. तो समोरून भरीव दिसतो आणि बाजूने जवळजवळ नाहीसा होतो. फॉस-आंद्रेए यांनी व्हिएन्नात 1999च्या त्या प्रयोगावर काम केलं होतं ज्यात साठ कार्बनच्या रेणूंचं व्यतिकरण दिसलं. शिल्प म्हणून ते थोर आहे. पण पात्यांच्या भिंतीवर तिन्ही चित्रं आधीपासून हजर असतात, आपण फक्त जागा बदलतो. अध्यारोपणात तसं नसतं.

अध्यारोपणाच्या जास्त जवळ जाणारी वस्तू म्हणजे पोलरॉइडच्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या, तीन पत्र्यांची खिडकी. एक पत्रा उभा, दुसरा आडवा: अंधार. मध्ये तिसरा 45 अंशांत सरकवला की उजेड येतो, आदर्श हिशोबाने मूळ प्रकाशाच्या साडेबारा टक्के. अडथळा वाढवला आणि प्रकाश आला, कारण मधला पत्रा प्रकाशाची अवस्थाच बदलतो. पत्र्यांच्या मध्ये टफन (तापवून कडक केलेली) काच घालू नका, तिच्या ताणाचे डाग उमटतात. साधी काच घ्या. आणि खिडकी छपराखालीच बसवा, ऊन आणि दमट हवेने हे पत्रे काही काळात पिवळट पडतात.

गुंफण (एन्टँगलमेंट), म्हणजे दूरच्या दोन कणांची एकच सामाईक अवस्था, रंगाने करता येत नाही, आणि हेच भिंतीवर सांगण्यासारखं आहे. पुण्यात लाल भिंत आणि नागपुरात तिची निळी जोड रंगवली तर ते फक्त आधी ठरवून ठेवलेलं गुपित होतं. फरक एका खेळात दिसतो. दोन खेळाडू वेगळ्या खोल्यांत, प्रत्येकाला नाणेफेकीने 0 किंवा 1 मिळतो, आणि दोघांनी 0 किंवा 1 उत्तर द्यायचं. दोघांनाही 1 मिळाला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. आधी कितीही ठरवून या, शंभरात सरासरी 75च्या वर जिंकता येत नाही. गुंफलेले कण वापरले तर 85.4पर्यंत पोचता येतं. 2022चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना याच प्रकारच्या फरकाच्या प्रयोगांसाठी मिळालं. भिंतीवर 10 सेंमीच्या हजार चौकटी आखा, 40 उभ्या ओळी, प्रत्येकीत 25. पहिल्या 30 ओळी एका रंगात, 750 झाल्या. पुढच्या 104 चौकटी दुसऱ्या रंगात भरा: चार ओळी पूर्ण आणि पाचवीतल्या चारच. उरलेल्या 146 मोकळ्या सोडा, कारण तिथवर क्वांटमही पोचत नाही.